मुक्तिनाथची विद्यार्थी-सहल: आधी काय, मग काय

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कुणा ना कुणा प्राध्यापकाचा फोन येतो. "तीस पोरं घेऊन नेपाळला, मुक्तिनाथच्या दर्शनाला निघालोय. रेल्वेची तिकिटं झाली. आता तिथल्या परमिटचं तेवढं सांगा." तिकिटं झाली म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन प्रश्न विचारल्यावर कळतं, की आठ-दहा जणांकडे आधारशिवाय काही नाही, पोखऱ्याहून एका दिवसात थेट वर जायचं ठरलंय आणि परतीच्या गाडीआधी एकही दिवस मोकळा नाही. कामं सगळी केलेली असतात, फक्त उलट्या क्रमाने.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. धरून चालू, की ३० विद्यार्थी आणि ५ मोठी माणसं आहेत. रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग पोखरा, मुस्तांग जिल्ह्यातलं मुक्तिनाथ आणि परतताना गोरखा जिल्ह्यातलं मनकामना देवीचं देऊळ. तयारीला किमान चार महिने हवेत.

## टप्पा १: आधी महिना, तारीख नंतर

जून ते सप्टेंबर हा काळ डोळे मिटून बाद करा. बेनी ते जोमसोम हा रस्ता कालीगंडकीच्या दरीतून डोंगर कापत जातो आणि पावसात त्यावर दरडी कोसळतात. खालचे महामार्गही त्या दिवसांत भरवशाचे नसतात. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दोन बस दरडीबरोबर त्रिशूलीत गेल्या. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत बस कोसळली. तिच्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले भाविक होते. श्रावणात देवदर्शन व्हावं ही इच्छा मी समजू शकतो, पण विद्यार्थी घेऊन नको.

डिसेंबर ते फेब्रुवारी वर कडाक्याची थंडी आणि बर्फ असतो. उरले मार्च मध्य ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

यातला ऑक्टोबर-नोव्हेंबर हवामानाला उत्तम, पण त्यात एक खोच आहे. आपलं नवरात्र-दसरा म्हणजे त्यांचं दशैं आणि आपली दिवाळी म्हणजे त्यांचं तिहार. त्या दिवसांत अर्धं नेपाळ गावी निघालेलं असतं. बसमध्ये जागा नसते आणि जीप मिळाली तर भाडं चढलेलं असतं. भाऊबीज तिथेही असते, भाइटीका म्हणतात तिला. त्या दिवशी ड्रायव्हर बहिणीकडे जाणार, तुमच्याकडे नाही. तेव्हा भाऊबीज उलटल्यावर पोखऱ्यात पोचाल असं बघा.

## टप्पा २: कागद

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. यावरून "काहीच लागत नाही" असा अर्थ काढला जातो. १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. विमानाने जाताना तर या दोनांपैकी एक नसेल तर काउंटरवरूनच परत पाठवतात, आधार चालत नाही. रस्त्याने सोनौलीतून जाताना तपासणी ढिली असते, हे खरं. "आमच्याकडे काही बघितलंच नाही" असं सांगणारे दहा जण भेटतील. पण वर कुणी आजारी पडला आणि त्याला काठमांडूहून विमानाने परत आणायची वेळ आली, की तोच आधारवाला मुलगा अडकतो. सीमेवर काय तपासतात याचा विचार करू नका. सगळ्यात वाईट दिवशी काय लागेल, तो कागद घ्या.

एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांपैकी कितीतरी जणांनी मतदार नोंदणीच केलेली नसते. अर्ज केल्यावर कार्ड हातात यायला आठवडे जातात. पासपोर्टला पोलीस पडताळणी असते. चार महिने म्हणालो ते यासाठी.

कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं असतील, म्हणजे १५ ते १८ वयाची, तर त्यांना मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. ते साध्या बोनाफाइडपेक्षा वेगळं आहे. कॉलेजचा क्लार्क सवयीने बोनाफाइडच टाइप करून देतो, तेव्हा नमुना हातात घेऊनच त्याच्याकडे जा. त्यातूनही पासपोर्ट असेल तर उत्तमच.

गटात परदेशी विद्यार्थी असेल तर त्याची गोष्ट निराळी. नेपाळचा व्हिसा त्याला लागेलच, पण विसरला जातो तो परतीचा. त्याचा भारतीय व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का आणि तो ज्या ठाण्यावरून परतणार तिथे चालतो का, हे आधी पाहा. नाहीतर तो नेपाळात जाईल आणि तिथेच राहील.

याशिवाय पालकांचं संमतिपत्र. त्यात "सहलीस परवानगी आहे" एवढं पुरत नाही. दोन वाक्यं मुद्दाम घाला: शिक्षकांनी प्रकृतीच्या कारणाने पाल्याला दर्शनाविना खाली उतरवायचं ठरवलं तर आमची हरकत नाही. आणि तातडीच्या उपचारांना आमची संमती आहे. पहिलं वाक्य लिहून घेतलं नाही तर वर रात्री अकरा वाजता फोनवर पालकांशी वाद घालत बसाल.

संस्था, विद्यापीठ किंवा शिक्षण विभाग यांपैकी ज्यांची परवानगी लागते ती लेखी घ्या. तोंडी होकाराला काही किंमत नाही.

तपासा: मूळ कागद स्वतः डोळ्यांनी बघा. मोबाइलमधला फोटो म्हणजे कागद नव्हे. पासपोर्टवरचं नाव आणि तुमच्या यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना?

सावध: रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी ज्याचा कागद तयार नाही त्याचं तिकीट काढायचं नाही. "येईल सर पुढच्या आठवड्यात" या वाक्यावर मी एकदा चार तिकिटं काढली होती. चारही रद्द झाली.

## टप्पा ३: तब्येतीची चाळणी

मुक्तिनाथ सुमारे ३,७०० ते ३,८०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे "आमची पोरं ट्रेकिंगवाली आहेत" याला इथे फारसा अर्थ नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्याही थोडा खालीच असतो. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल ते दंडावरून ठरत नाही. मी जो मुलगा पाठीवर कोसळताना पाहिलाय तो कॉलेजच्या कबड्डी संघातला होता.

निघायच्या महिनाभर आधी प्रत्येकाने डॉक्टरकडून तपासून घ्यावं. छापील "फिट" शिक्क्यापेक्षा या गोष्टी विचारल्या गेल्या का ते पाहा: दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, तीव्र रक्तक्षय, गर्भधारणा, अलीकडची शस्त्रक्रिया आणि सिकलसेल. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या गटांनी या शेवटच्या शब्दावर थांबावं. सिकलसेलच्या रुग्णाला उंचीवर जाणं धोक्याचं आहे आणि नुसत्या वाहकालाही तिथे प्लीहेचा त्रास होऊ शकतो. आपल्या भागात कित्येकांना शाळेत तपासणी होऊन कार्डं मिळालेली असतात, पण ती घरच्या ट्रंकेत पडून असतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारायचं तेही एकट्याला बोलावून, वर्गात हात वर करायला लावून नव्हे.

उंचीच्या त्रासावर अॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स ही गोळी दिली जाते. घ्यायची का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगायची. शिक्षकाने खिशातून पुडी काढून सगळ्यांना एकेक वाटायची नाही.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी मोकळेपणाने बोलाव्या लागतात आणि त्या बाईंनीच बोललेल्या बऱ्या. पहिली, देवदर्शन आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घरून परस्पर दिल्या जातात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तासन् तास गाडीत बसणं आणि उंची यांत त्यांची भर नको. दुसरी, रस्त्यात स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतात. मग ती डोकेदुखी उंचीची की तहानेची, हे कळत नाही. गाडी दर दोन तासांनी थांबणार, असं आधीच जाहीर करा आणि खरोखर थांबवा.

## टप्पा ४: मोठी माणसं किती आणि विमा कसला

तीस विद्यार्थ्यांना पाच मोठी माणसं हा माझा हिशोब असा येतो. वर जाताना पाच-सहा जीप लागतात आणि शक्यतो प्रत्येक जीपमध्ये एक जबाबदार माणूस हवा. एखाद्याला तातडीने खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर एकजण जाईल आणि तरी मागे चार उरतील. दोनच शिक्षक असतील तर एक आजाऱ्याबरोबर उतरतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात एकोणतीस पोरं पडतात. पाचांत किमान दोन स्त्रिया.

विम्यात दोन ओळी शोधा: किती मीटरपर्यंतची उंची धरली आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे का. ४,००० मीटरपर्यंतचं संरक्षण हवं. आधीचा आजार लपवून काढलेला विमा ऐनवेळी उपयोगी पडत नाही, हे पालकांनाही सांगा.

## टप्पा ५: दिवस मांडा आणि मगच तिकीट काढा

मी मांडतो तो क्रम असा. गोरखपूरला उतरल्यापासून दिवस मोजले आहेत.

१. गोरखपूर ते सोनौली, सीमा ओलांडून भैरहवात मुक्काम.
२. भैरहवा ते पोखरा (सुमारे ८२० मीटर).
३. पोखऱ्यात दिवसभर. परमिट, सिमकार्ड, विश्रांती.
४. पोखरा ते मार्फा (सुमारे २,६५० मीटर), मुक्काम.
५. मार्फा ते जोमसोम ते कागबेनी (सुमारे २,८०० मीटर), मुक्काम.
६. पहाटे मुक्तिनाथ, दुपारच्या आत खाली, मुक्काम मार्फा किंवा त्याखाली.
७. पोखरा.
८. राखीव.
९. पोखरा ते मनकामना, मुक्काम भरतपूर.
१०. भरतपूर ते सोनौली ते गोरखपूर, मुक्काम.

"इतके दिवस?" असं संचालक विचारतात. मग चौथा, पाचवा आणि आठवा हे तीन दिवस कापले जातात. आणि नेमके तेच कापायचे नसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर उंचीला सरावतं. आठवा दिवस दरडीसाठी, बंदसाठी किंवा आजारपणासाठी असतो. दिवस कमी करायचेच असतील तर मनकामना गाळा.

पोखरा ते जोमसोम विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत जाता येतं. मोठ्या गटासाठी मी ते धरत नाही. दरीत वारा सुटला की उड्डाणं थांबतात, अर्धे वर आणि अर्धे खाली राहतात. शिवाय एकदम २,७०० मीटरवर उतरायचं, ते वेगळंच.

तपासा: परतीची रेल्वे अकराव्या दिवशी किंवा त्यानंतरची आहे ना?

## टप्पा ६: पैसे, घड्याळ आणि पंचांग

भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. हा दर बांधलेला आहे, रोज हलत नाही. त्यामुळे घासाघीस करून काही मिळत नाही. घोटाळा होतो तो दुसरीकडे. सीमेपासून पोखऱ्यापर्यंत दुकानदार आणि ड्रायव्हर दोन्ही चलनांत बोलतात. भारतीय म्हणजे "आयसी", नेपाळी म्हणजे "एनसी". जीपवाला "आठ हजार" म्हणाला तर ते आठ हजार एनसी म्हणजे ५,००० भारतीय, पण आठ हजार आयसी म्हणजे आठ हजारच. सहा जीपना मिळून १८,००० रुपयांचा फरक पडला. भाव ठरवताना पहिला प्रश्न एकच: "आयसी की एनसी?" आणि उत्तर कागदावर.

भारतीय नोटा न्यायच्या तर १०० च्या न्या. त्याहून मोठ्या नोटांबाबतचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आलेत आणि दुकानदार हात लावायला कचरतो. मुलांना घरून निघताना पाचशेच्या नोटा दिलेल्या असतात. गोरखपूरलाच त्या मोडून घ्या. मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या "फोनपे" क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. गंमत म्हणजे हे फोनपे आणि आपल्याकडचं फोनपे यांचा एकमेकांशी संबंध नाही, नाव तेवढं ऐकायला सारखं. पोखऱ्यात याचा उपयोग होतो. जोमसोमच्या वर नेट असेलच असं नाही, म्हणून वरच्या तीन दिवसांचा सगळा खर्च नेपाळी रोखीत, दोन शिक्षकांत विभागून ठेवा.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण निम्म्यांच्या मोबाइलने वेळ आपोआप बदललेली असते, निम्म्यांच्या नाही, आणि सकाळी सहाची जीप सव्वासहाला भरत राहते. सीमा ओलांडली की सगळ्यांनी घड्याळं एकदम लावायची.

तारखांचं याहून बिकट. तिथे व्यवहार विक्रम संवतात चालतो. हॉटेलवाला फोनवर "कात्तिक दस गते" म्हणतो. कार्तिक आपला ओळखीचा म्हणून आपण मान डोलावतो. पण त्यांचे महिने सौर, आपले चांद्र, दोन्ही कार्तिक एका दिवशी सुरू होत नाहीत. आरक्षण करताना इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही लिहून पाठवा आणि तसंच लेखी उत्तर मागवा.

शनिवार हा तिथला सुट्टीचा वार. कचेऱ्या बंद आणि देवळांत गर्दी. परमिटचा दिवस आणि मनकामना, दोन्ही शनिवारी येऊ देऊ नका.

## टप्पा ७: सीमा ते पोखरा

गोरखपूर ते सोनौली शंभरेक किलोमीटर. भारतीय बस थेट पुढे नेण्याचा मोह होतो. तसं केलंत तर भन्सार म्हणजे जकात कार्यालयात गाडीचे दिवस मोजून परवाना काढावा लागतो आणि रांगेत सकाळ जाते. शिवाय मैदानी ड्रायव्हरला त्या घाटांची सवय नसते. मी बस अलीकडेच सोडतो. सीमेवरची कमान चालत ओलांडायची आणि पलीकडे नेपाळी गाडीत बसायचं, जी आधी ठरवून ठेवलेली असते.

कमानीजवळ गर्दी, सायकलरिक्षा आणि "चेंज चेंज" करणारे यांचा गोंधळ असतो. इथेच माणसं हरवतात. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरवून द्या, मोजणी जोड्यांची करा. पंधरा जोड्या झटकन मोजून होतात.

दुसऱ्या दिवशीचा पाल्पामार्गे जाणारा सिद्धार्थ राजमार्ग वळणावळणाचा आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, पण अख्खा दिवस जातो. नाश्ता हलका, उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास. रात्रीचा प्रवास कुठेही करायचा नाही, अगदी ड्रायव्हर तयार असला तरी.

## टप्पा ८: पोखऱ्यातला दिवस फिरण्यासाठी नाही

फेवाताल दिसला की पोरं होडीकडे पळतात. दुपारी पळू द्या. सकाळ कामाची.

मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, त्याचं प्रवेशपत्र (सगळे "आकाप" म्हणतात) पोखऱ्यात काढता येतं. सार्क देशांतल्यांना त्याचा दर १,००० नेपाळी रुपये असा आहे, बाकी परदेशी लोकांना ३,०००. म्हणजे आपलं ओळखपत्र दाखवलं नाही तर तिप्पट. प्रत्येकाचे दोन पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत, पस्तीस जणांची, नावाच्या क्रमाने एका फाइलीत लावून न्या. तिथे उभं राहून बॅगा उचकायला लागलात तर दुपार गेलीच.

दोन सिमकार्डं घ्या, त्यांतलं एक नेपाळ टेलिकॉमचं असू द्या, मुस्तांगमध्ये त्याला रेंज बरी मिळते. नेपाळात पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४. हे प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे चिकटवा.

जीपवाल्याशी बोलताना "दाइ" म्हणा, हॉटेलातल्या बाईंना "दिदी". काम सोपं होतं. ठरवताना या गोष्टी सांगून घ्या: सहाच्या वर माणसं बसणार नाहीत, सामान टपावर बांधून मिळेल, कागबेनीतला मुक्काम धरूनच हे भाडं आहे, आणि मध्येच कुणाला खाली न्यायची वेळ आली तर एक गाडी आमच्यासोबत राहील. या शेवटच्या अटीला ड्रायव्हर कुरकुरतो. थोडे पैसे जास्त द्या, पण ती सोडू नका.

तपासा: आज रात्री प्रत्येकाची वरची बॅग वेगळी झाली? लोकरी टोपी, हातमोजे, वाऱ्याचं जाकीट, जास्तीचे दोन मोजे, गॉगल, तोंडाला बांधायचं फडकं. बाकी सामान पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवा. कालीगंडकीची धूळ कशातही शिरते.

## टप्पा ९: वर चढताना

पोखऱ्याहून पहाटे निघा. बेनीनंतर रस्ता खडबडीत होतो, तातोपानी, घासा, लेते अशी गावं मागे पडतात आणि संध्याकाळी मार्फा येतं. दीडशे किलोमीटरला दिवस लागतो हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर तासाला "किती राहिलं?" ऐकावं लागणार नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे याच दिवशी रेटून मुक्तिनाथपाशी राणीपौवाला मुक्काम करणं. सकाळी ८२० मीटर, रात्री ३,७००. दिवसा फारसं जाणवत नाही. त्रास रात्री सुरू होतो, झोपेत श्वास मंदावल्यावर, आणि तेव्हा अंधारात गाडी मिळत नाही. साधा नियम असा, की पहिली रात्र २,८०० मीटरच्या खाली काढायची. ३,००० च्या वर झोपायची वेळ आलीच तर एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त चढायचं नाही.

पाचव्या दिवशी अंतर थोडंच असतं, म्हणून उशिरा निघायचा आळस येतो. पण दहा-अकरा वाजले की दरीत वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. वाळू तोंडावर आपटते. त्याआधी कागबेनी गाठा, मग दुपारभर गावात सावकाश फिरा. ते फिरणंही सरावाचाच भाग आहे. कागबेनीच्या उत्तरेला मात्र पाऊल टाकू नका. तिथून पुढचं मुस्तांग प्रतिबंधित क्षेत्र आहे, त्याला वेगळं परमिट लागतं. "जरा पुढे फोटो काढून येतो" म्हणणाऱ्याला आवरा.

चौथ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. डोकं दुखतंय? मळमळतंय? चक्कर किंवा फार थकवा? झोप लागली? उत्तरं वहीत लिहा. मुलं खोटं बोलतात, दर्शन चुकेल म्हणून. म्हणून जोडीदारालाही विचारा.

सावध: डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर असेल तर त्रास पूर्ण थांबेपर्यंत त्या मुलाने आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर तो मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आल्याचा इशारा आहे. तेव्हा सकाळची वाट न बघता, जाग्यावर विश्रांती न देता, लगेच खाली न्या. जोमसोमला जिल्हा रुग्णालय आहे, पण उतरणं हाच पहिला उपचार. ऑक्सिजनचा डबा देऊन वरच थांबवणं हा उपाय नव्हे. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही बंद, शिक्षकांनाही.

## टप्पा १०: मुक्तिनाथचा दिवस

कागबेनीहून साडेपाच-सहाला निघा. राणीपौवाला जीप थांबतात, तिथून देवळापर्यंत अर्ध्या तासाची चढण, पायऱ्यांसह. घोडी मिळतात. शर्यत लावू देऊ नका. सगळ्यात हळू चालणारा पुढे, शिक्षक शेवटी.

देवळामागे अर्धवर्तुळात १०८ मुक्तिधारा आहेत आणि समोर दोन कुंडं. पाणी बर्फाचं. पोरं पैजा लावून १०८ धारांखालून धावतात, मग ओल्या कपड्यांत वाऱ्यात फोटो काढत उभी राहतात. थरथर सुरू होते ती थांबत नाही. माझ्याकडचा नियम असा आहे: सकाळच्या चार प्रश्नांत ज्याचं एकही उत्तर वाकडं आलं, त्याने पाणी डोक्याला लावायचं आणि पुढे जायचं. बाकीच्यांपैकी ज्यांच्या बॅगेत टॉवेल आणि कोरडे कपडे मी स्वतः पाहिलेत, त्यांनीच आंघोळ करायची, आणि बाहेर येताच कपडे बदलायचे.

हे स्थान हिंदूंचं तितकंच बौद्धांचं. इथे बौद्ध भिक्षुणीही सेवेत असतात. ढकलाढकली, मोठ्याने आरत्या, गाभाऱ्यात मोबाइल हे टाळा. ज्वालामाईच्या मंदिरात जमिनीतल्या नैसर्गिक वायूवर ज्योत जळते, ती पाहायला वाकावं लागतं, एकावेळी दोघंतिघंच पाठवा. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो घरीच ठेवलेला बरा.

दोन तासांत आटपून खाली. वर जेवायला थांबू नका. उतरल्यावर डाळभात भरपूर मिळतो, डाळ-भात-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात आणि त्याचे वेगळे पैसे नसतात.

## टप्पा ११: मनकामना आणि घर

मनकामना सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथे उंचीची चिंता नाही. मुग्लिनपासून काठमांडूच्या दिशेने थोडं पुढे कुरिनटार लागतं, तिथून १९९८ साली सुरू झालेली, २.८ किलोमीटर लांबीची केबलकार वर जाते. पोखऱ्याहून पहाटे निघालात तर दुपारच्या आत वर पोचता. दुपारी केबलकार काही वेळ बंद ठेवली जाते, त्या वेळेत खाली अडकू नका. तिकीट खिडकीवर भारतीयांचा दर वेगळा असतो, ओळखपत्रं हाताशी हवीत.

एक गोष्ट बसमध्येच सांगून ठेवा. इथे बळी दिला जातो. केबलकारमध्ये बोकडाचं तिकीट फक्त जायचं असतं. हे आधी माहीत नसलेली मुलं रक्त पाहून हादरतात किंवा तावातावाने तिथल्या लोकांना उपदेश करायला लागतात. ज्यांना नको त्यांनी एका शिक्षकाबरोबर बाजूच्या गल्लीत थांबावं, त्यात कमीपणा नाही.

सोनौलीला परत येताना मोजणी पुन्हा जोड्यांची. उरलेले नेपाळी रुपये कमानीच्या आधीच बदला, गोरखपूरला ते कुणी घेत नाही. घड्याळं १५ मिनिटं मागे. त्या रात्री हॉटेलात वहीतली तब्येतीची पानं फाडून वर्गशिक्षकांच्या पाकिटात घाला. पुढच्या आठवड्यात एखाद्याला ताप किंवा धाप लागली तर डॉक्टर विचारणारच, किती उंचीवर, किती दिवस झोपला होता.